भगवंतरावांचं मनगट

आमच्या रोहिणखेडच्या शंकरपटात कोणती बैलजोडी किती वेगानं पळाली, हे सांगायचा अधिकार गेली अडतीस वर्षं एकाच माणसाकडे आहे. मधली काही वर्षं पट बंदच होते, पण भगवंतराव तीही मोजतात. मी एकदा ती वजा करून दाखवली, तर मला म्हणाले, "गुरुजी, तुमची शाळा उन्हाळ्यात बंद राहे, तवा तुमी मास्तर नव्हते का?" मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण त्या दिवसापासून ही वजाबाकी सोडून दिली.

मी रमाकांत पाठक, निवृत्त शिक्षक. पटाच्या दिवशी मचाणावर भगवंतरावांच्या शेजारी बसून माईकवर बोलतो. गावात मला या कामासाठी जितका मान मिळतो तितका व्याकरणासाठी कधी मिळाला नाही, आणि त्याचा मला राग आहे. तरी मी दरवर्षी जातो.

ज्यांनी आमचा पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं एका वेळी एकच जोडी पळते. सरळ धावपट्टी, त्या टोकाला झेंडीवाला, या टोकाला आमचं मचाण. तिकडे झेंडी पडली की भगवंतराव घड्याळ सुरू करतात आणि जोडीनं मचाणासमोरची चुन्याची रेघ ओलांडली की बंद करतात. आठ-नऊ सेकंदांत खेळ खलास. ज्या बैलांना वर्षभर सरकीची ढेप चारली, थंडीत गोणपाट पांघरलं, त्यांचा पहिला-दुसरा नंबर भगवंतरावांच्या एका अंगठ्यावर ठरतो. मोठ्या पटांत आता विजेची यंत्रं आली आहेत. आमच्या कमिटीनंही चौकशी केली होती. बीबी गावच्या उत्तमरावांनी मोडता घातला. त्यांची जोडी दरवर्षी पहिल्या तिघांत असते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. "भगवंताचा अंगठा असल्यावर मशीन कायले पायजे?" असं ते भर बैठकीत म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

तो अंगठा म्हणजे एक प्रकरणच आहे. एरवी भगवंतराव वांगी-मिरचीच्या वाफ्यांत दिवसभर राबतात, पण पटाच्या आदल्या दुपारपासून उजव्या अंगठ्याला सुट्टी. विळा धरायचा नाही, फवारणीचा पंप मारायचा नाही, कोणाशी हात मिळवायचा नाही. भाकरीसुद्धा ते स्वतः मोडत नाहीत. त्यांच्या पत्नी सोजराबाई ती कुस्करून ताटात घालतात आणि त्या वेळी तोंडानं जे म्हणायचं ते म्हणून घेतात. "नवरदेवाले बी कोणी इतकं जपत नाही," हे त्यातलं छापण्याजोगं वाक्य.

दुसरी सवय याहून विचित्र. जोडी रेघ ओलांडून गेली की ते लगेच घड्याळ पाहत नाहीत. डोळे मिटून आधी मनात आकडा धरतात, मग पाहतात. दोन्ही जुळले की मान हलवतात आणि मग मी माईकवर पुकारतो. मान हलल्याशिवाय पुकारायचं नाही, हा आमच्यातला जुना करार. अडतीस वर्षांत (ठीक आहे, त्यांच्या हिशेबानं) तो मी एकदाच मोडला, आणि ती हकीकत सांगण्यासाठीच हा खटाटोप.

त्यांचं जुनं स्टॉपवॉच किल्लीचं होतं. मुठीत मावणारं, वर एकच बटण. चार-पाच वर्षं ते कुरकुरत होतं, मागच्या वर्षी त्याची स्प्रिंगच गेली. कमिटीनं प्लास्टिकचं आकडेवालं आणून दिलं, ते सेकंदाचे शंभर भाग दाखवतं. भगवंतरावांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि परत केलं. "माणसाचा अंगठा सेकंदाचा शंभरावा हिस्सा दाबू शकत नाही. हे सोंग हाय," म्हणाले. दहावा हिस्सा मात्र त्यांना मान्य होता.

ही गोष्ट त्यांच्या मुलीच्या, दीपमालाच्या कानावर गेली. दीपमाला पुण्यात मोजमापाची यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. लहानपणी ती पटाच्या दिवशी आमच्या मचाणाखाली पाटी घेऊन बसायची आणि मी पुकारलेले सगळे वेळ लिहून काढायची. माझ्या वर्गात तिचं शुद्धलेखन यथातथाच होतं, पण आकडा कधी चुकला नाही. यंदा संक्रांतीला ती आली ती एक जाडजूड लाकडी पेटी घेऊन. आत मखमलीच्या उशीवर मनगटी घड्याळ. परदेशी, क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं. किंमत तिनं सांगितली नाही. मी दोनदा विचारली.

घड्याळ देखणं होतं, यात वाद नाही. पोलादाची केस, म्हणजे बाहेरचं कवच; कडा आरशासारख्या घोटलेल्या, वरची बाजू मात्र बारीक रेघांनी घासलेली, म्हणजे उन्हात तिरीप डोळ्यांवर येऊ नये. सायीच्या रंगाची तबकडी, तिच्यात आणखी तीन लहान तबकड्या. उजव्या अंगाला मधोमध चावी, तिच्या वर एक बटण, खाली एक. वरचं दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की बंद, खालचं दाबलं की सगळं शून्यावर. बटणांवर बोट घसरू नये म्हणून माथ्याला किंचित खोलगटपणा दिलेला. मागच्या बाजूलाही काच, तिच्यातून चाकं फिरताना दिसत होती. मागं काच कशासाठी, हे मला अजून पटलेलं नाही. मनगटाला काय दाखवायचं असतं?

गाव पाहायला लोटलं. जो येई तो एकच सांगे, "घड्याळ बंद हाय." कारण मधला मोठा काटा बारावर ठाम उभा. खरे सेकंद डाव्या लहान तबकडीत चालू होते, तिकडे कोणाची नजर जात नव्हती. शेवटी सोजराबाई वैतागल्या आणि तो काटा सुरूच ठेवा म्हणाल्या, म्हणजे लोक गप तरी बसतील.

पण त्या मोठ्या काट्यातच खरी गोम होती. दीपमालानं वरचं बटण दाबलं आणि काटा सरसर निघाला. साधा सेकंदकाटा साठ सेकंदांत एक फेरा घेतो. हा दहा सेकंदांत घेत होता. कडेला शंभर बारीक खुणा, एक खूण म्हणजे सेकंदाचा दहावा भाग.

"बाबा, आपला पट किती सेकंदांत संपते?" तिनं विचारलं.

"आठ. लय झालं त नऊ."

"म्हणून हे घेतलं. जोडी पळेल तवर काटा एक फेरा बी पुरा करत नाही. वाचताना चूकच होणार नाही. चार वर्षं शोधून राह्यली होती मी."

भगवंतरावांनी घड्याळ हातात घेऊन तीनदा सुरू केलं, तीनदा बंद केलं आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो. त्यांना रडू आलं होतं.

ती पुण्याला गेली आणि पंचाईत सुरू झाली. आता हे सांगायला हवं की ज्यानं ते घड्याळ घडवलं त्यानं मनगटाचा विचार केला नव्हता असं नाही. चेन जिथं केसला जोडते ते चार कान खाली वळवलेले होते, घड्याळ मनगटाला धरून बसावं म्हणून. चेन वर रुंद, खाली लॉककडे निमुळती. प्रत्येक कडी आतून गोल केलेली. लॉकमध्ये एक खाच-खाच सरकणारी सोय, चेन थोडी सैल-घट्ट करायला. माझ्या हाताला ते पाच मिनिटं घातलं तर काढावंसं वाटेना. पण माझं मनगट खडू धरलेलं. भगवंतरावांचं डावं मनगट तीस वर्षांपूर्वी बैलाच्या हिसक्यानं मोडलेलं. हाडवैद्यानं बांधलं, ते बरं झालं पण वाकडं. करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा आला. घड्याळ त्या उंचवट्यावर चढायचं आणि अंगठ्याकडे कलंडायचं.

शिवाय ते घालून ते शेतात जात. आणि जाणारच, लेकीनं दिलेलं घरात कसं ठेवणार? निंदताना हात टेकला की चावी पंजाच्या मागच्या बाजूला रुते. कड्यांत हातावरचे केस अडकून उपटले जात. सकाळच्या थंडीत घड्याळ कोपराकडे घरंगळे, दुपारी बारा वाजता चिकटून बसे, आणि ऊन लागलं की पोलाद चटका देई. महिन्याभरात त्यांच्या मनगटावर एक लालभडक चट्टा उठला. तो झाकायला ते भर उन्हात पूर्ण बाहीचा सदरा घालू लागले.

रोज संध्याकाळी दीपमालाचा फोन येई. एकदा मी ओसरीवरच होतो.

"बाबा, घड्याळ कसं वाटते हातात? जड त नाही?"

"छे! फुलासारखं वाटते. घातलं हे ध्यानात बी राहत नाही," भगवंतराव म्हणाले, आणि बोलताना उजव्या हातानं चट्टा खाजवत होते.

फोन ठेवल्यावर मी त्यांना झापलं. खोटं कशाला बोलायचं? पोरगी इंजिनियर आहे, सांगितलं तर काहीतरी मार्ग काढेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "चार वर्षं शोधलं तिनं, गुरुजी. आता मी सांगू, की बाई, मले बोचते? अन् पटाले येऊन राह्यली ती, माह्या हातात पाहाले." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मला राग आला, पण राग येऊन उपयोग नव्हता. मला मुलगी नाही.

मी एक केलं. पटाच्या आदल्या दिवशी त्यांना ओढून नांदुऱ्याला नेलं, हरिओमकडे. हरिओमचं घड्याळाचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर, वडिलांपासूनचं. आम्ही पहाटेच निघालो आणि दुकान उघडायच्या आधी दारात हजर. कडाक्याची थंडी होती. हरिओमनं घड्याळ पाहिलं आणि बराच वेळ नुसतं तळहातावर तोलत बसला. मग डोळ्याला भिंग लावून म्हणाला, "चाचा, बनवणाऱ्यानं काही कसर नाही ठेवली. दोन कड्या जास्त हायेत, काढून टाकतो."

"तीन काढ," भगवंतराव म्हणाले.

"तीन काढल्या त आवळीन."

"आवळू दे. हललं त बटण कसं सापडीन मले? घट्ट पायजे."

हरिओमनं माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणालो, काढ. घट्ट बसलं तर उंचवट्यावर चढणार नाही, हे मला अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. त्यानं तीन कड्या काढल्या. घड्याळ मनगटावर असं नेमकं बसलं की भगवंतरावांनी हात झटकून पाहिला, वर केला, खाली केला, ते जागचं हललं नाही. आम्ही दोघंही खुशीत परतलो. सकाळी आठ वाजता, थंडीनं आक्रसलेल्या मनगटाचं माप घेऊन आम्ही दुपारच्या पटाचं घड्याळ बसवलं होतं. उन्हात राबणाऱ्या माणसाचं मनगट दुपारी फुगतं. मी मास्तर, तो घड्याळवाला, ते शेतकरी, पण हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पटाच्या दिवशी दीपमाला सकाळीच हजर झाली. मचाणाजवळ आली, बापाच्या बाहीखालून घड्याळ चमकताना पाहिलं आणि एवढी हसली की भगवंतरावांनी बाही आणखी दोन बोटं वर सरकवली. चट्टा दिसणार नाही इतपतच.

सकाळचं सत्र झकास गेलं. घड्याळ डाव्या मनगटावर, उजव्या हाताचं पहिलं बोट केसच्या पलीकडच्या अंगाला टेकवलेलं, अंगठा वरच्या बटणावर. झेंडी पडे, खट् असा बारीक आवाज होई, काटा निघे. जोडी गेली की डोळे मिटायचे, मग तबकडी पाहायची, मग मान. आठ पॉइंट सात. नऊ पॉइंट एक. आठ पॉइंट चार. मी माईकवर असा काही रंगलो होतो की मोताळ्याच्या जोडीनं आठ पॉइंट एक घेतल्यावर मी घड्याळाचीही तारीफ करून टाकली. "लेकीनं बापाला दिलेलं घड्याळ!" म्हणालो. टाळ्या पडल्या. भगवंतराव लाजले.

दुपारी ऊन चढलं. शेवटच्या फेरीच्या आधी मी पाहिलं तर त्यांच्या डाव्या हाताची बोटं सुजल्यासारखी दिसत होती. ते मूठ उघडत होते, मिटत होते.

"काय होऊन राह्यलं?"

"मुंग्या आल्या. काही नाही," म्हणत त्यांनी लॉकमधली ती खाच दोन घरं सैल केली. हाताला बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मोठा श्वास सोडला. पण सैल झालेलं घड्याळ लगेच हाडाच्या उंचवट्यावर चढलं आणि कलंडलं. ते मला दिसलं. मी बोललो नाही, कारण तेवढ्यात शेवटची जोडी सुटायच्या जागी आली होती. उत्तमरावांची.

झेंडी पडली. लोकांनी एकच गिल्ला केला. पांढरे दोन बैल माना ताठ करून असे आले की मी बोलायचंच विसरलो. रेघ ओलांडली, धूळ मचाणापर्यंत उडाली. मी वाकून तबकडी पाहिली. सात पॉइंट आठ! इतका कमी वेळ आमच्या पटात कधी आला नव्हता. मला धीर निघेना. भगवंतरावांचे डोळे अजून मिटलेले होते, आणि मी माईकवर ओरडलो, "सात पॉइंट आठ! बीबीचे उत्तमराव, पहिला नंबर!"

रान पेटलं. उत्तमरावांना लोकांनी खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. मी वळून भगवंतरावांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते तशी नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती.

"मनात काय आलं?" मी विचारलं.

"सव्वाआठ. आठ पॉइंट दोन, तीन." ते हळू म्हणाले. "झेंडी पडली अन् माहा अंगठा चावीवर पडला, गुरुजी. बटणावर नाही. सरकवून दाबलं तवर जोडी निंघाली होती."

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. खाली लोकांच्या खांद्यावर उत्तमराव नाचत होते. आणि नाचणारा माणूस तोच, ज्यानं यंत्र नको, भगवंताचा अंगठा बस्स, असं म्हटलं होतं. भगवंतराव मचाणाखाली पाहत होते. तिथं दीपमाला दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. उत्तमरावांचा वेळ खोटा आहे हे सांगायचं, तर तो का खोटा आला हेही सांगावं लागणार होतं. आणि ते तिच्यासमोर.

त्यांनी फार वेळ घेतला नाही. माझ्या हातातला माईक काढून घेतला. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"ऐका हो," ते म्हणाले. "हा टाइम रद्द."

आधी कोणाला कळलंच नाही. मग कळलं आणि जो गदारोळ उठला त्यात माझ्या नावानं जे काही बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही. उत्तमराव खांद्यावरून उतरून मचाणाशी आले. तोंड लाल झालेलं, अर्धं गुलालानं, अर्धं संतापानं.

"काऊन रद्द? घड्याळ खोटं हाय का तुहं?"

"घड्याळात काही खोट नाही, उत्तमराव. ते लाखात एक हाय. माही पोरगी चार वर्षं हुडकत होती माह्यासाठी." भगवंतराव माईकमध्येच बोलत होते, त्यामुळे शब्दन् शब्द रानभर जात होता. त्यांनी बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात पुढे धरला. "खोट इथं हाय. हे मनगट वाकडं हाय, त्याच्यावर ते बसत नाही. बोचते मले. महिना झाला बोचून राह्यलं. पोरगी रोज इचारे, अन् मी रोज सांगत होतो, फुलासारखं वाटते म्हणून. मी तिच्याशी खोटं बोललो. आज माह्या अंगठ्याले बटण सापडलं नाही, म्हणून तुमचा टाइम कमी आला. आता हे बी झाकून ठेवलं, त उद्यापासून माह्या तोंडचा आकडा कोण खरा मानीन?"

मग ते खाली, तिच्याकडे पाहून म्हणाले, "माफ कर वं माय."

मी दीपमालाकडे पाहायचं टाळलं. पाहिलं तेव्हा ती मचाणाची शिडी चढत होती. वर आली, बापाचा हात हातात घेतला आणि लॉक उघडून घड्याळ काढलं. खाली चट्टा होता, सोललेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

"काऊन नाही सांगतलं?" ती म्हणाली. रडली नाही, चिडली. "मी दिवसभर लोकांची यंत्रं तपासते. एक माप चुकलं त रिपोर्ट परत पाठवते. अन् माह्याच बापानं मले महिनाभर खोटं रीडिंग द्यावं?"

मी कुठं पाहावं ते न कळून धावपट्टीकडे पाहिलं.

तिनं हातातलं घड्याळ उलटसुलट केलं. मग बापाचा उजवा पंजा उताणा केला आणि त्यावर ते ठेवलं, बाराचा आकडा बोटांकडे, चेन मोकळी, बोटांमधून खाली सोडलेली. बटणांची बाजू आपोआप अंगठ्याकडे आली. "मूठ करा," ती म्हणाली. त्यांनी केली. अंगठा वरच्या बटणावर जाऊन बसला, शोधावा लागला नाही. त्यांनी दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्. डोळे मिटून दहा-बारा वेळा दाबलं आणि एकदाही चुकलं नाही.

"मनगटी घड्याळ मनगटातच घालावं, असं कोणी सांगतलं?" दीपमाला म्हणाली. तिच्या आवाजात अजून राग होता, पण हात बापाच्या हाताखालीच होता.

कमिटी बसली. बैलांना तासभर विसावा देऊन उत्तमरावांची जोडी पुन्हा पळवायची असं ठरलं. उत्तमराव मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं. जिंकलेला पट कोण पुन्हा खेळतं? ते बराच वेळ बैलांजवळ उभे राहिले, मग जोडी सुटायच्या जागी घेऊन गेले.

ऊन कलायला लागलं होतं. झेंडी पडली. मी या वेळी तबकडीकडे पाहिलं नाही, भगवंतरावांकडे पाहिलं. मूठ छातीशी, नजर झेंडीवर, चेहऱ्यावर ती जुनी खात्री. खट्. बैल आले, धूळ आली, रेघ गेली. खट्. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि मूठ उलगडून दीपमालापुढे धरली.

"मी नाही पाहत. तू वाच."

मी माईक तिला दिला. खरं सांगतो, द्यायला जीवावर आलं होतं. पण दिला. ती तबकडीवर वाकली. हजारो माणसं होती आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"आठ पॉइंट दोन."

म्हणजे मोताळ्याची जोडी पहिली. उत्तमराव रेघेपाशी होते. त्यांनी तिथूनच मान वर केली. "पोरी, परत एकदा सांग."

तिनं पुन्हा वाकून पाहिलं, नीट, घाई न करता. "आठ पॉइंट दोन, काका. तुमचा दुसरा नंबर." आवाज जराही हलला नाही.

उत्तमरावांनी उजव्या बैलाच्या वशिंडावर थाप मारली. "मान्य हाय," ते म्हणाले. मग मचाणाकडे बोट करून आणखी मोठ्यानं म्हणाले, "अन् पुढच्या साली बी हाच अंगठा पायजे मले!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भगवंतराव माझ्या कानाशी आले. माईक दीपमालाच्या हातात चालूच होता, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. आपण कुजबुजतोय अशा समजुतीत ते म्हणाले, "पाह्यलं का गुरुजी? समोरचा माणूस हरून राह्यला, तरी पोरीनं आकडा हलू देला नाही. माह्यापेक्षा बरी निंघाली."

ते सगळ्या रानानं ऐकलं. दीपमालानंही ऐकलं, आणि तेव्हा कुठं ती रडली.